‘जिंदगी गुलजार है’चा उत्तरार्ध कशफवर अन्याय करतो का?

मूळ लेख

उमेरा अहमद यांनी स्वतःच्याच कादंबरीवरून लिहिलेली आणि सुलताना सिद्दीकी यांनी दिग्दर्शित केलेली ‘जिंदगी गुलजार है’ ही उर्दू मालिका २०१२-१३ मध्ये पाकिस्तानातील ‘हम टीव्ही’वर आली आणि २०१४ साली ‘जिंदगी’ वाहिनीमुळे आपल्याकडेही घरोघरी पोहोचली. तिचा पूर्वार्ध मला अतिशय प्रिय आहे आणि म्हणूनच उत्तरार्धाचा राग येतो.

मुलगा झाला नाही म्हणून मुर्तझा दुसरा संसार थाटतो, त्याची पहिली पत्नी राफिया शाळेत शिकवून तीन मुलींना वाढवते, आणि थोरली कशफ शिष्यवृत्तीवर विद्यापीठात शिकून, पुढे सनदी सेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी होते. आपल्याविषयी मित्रांमध्ये हलकेपणाने बोलणाऱ्या श्रीमंत झारूनला खडसावणारी ही मुलगी त्याच्याशीच लग्न झाल्यानंतर मात्र सतत स्वतःची बाजू मांडत राहते. ओसामा या सहकाऱ्याने पूर्वी तिला मागणी घातली होती, ही गोष्ट तिने सांगितली नाही म्हणून झारून बिथरतो, आणि कथा त्याच्या संशयापेक्षा तिच्या कडवटपणालाच अधिक दोष देते. हा तिच्या स्वाभिमानाचा पराभव नव्हे का?

पहिला प्रतिसाद

मी असहमत आहे. कशफचे खरे भांडण झारूनशी नसून देवाशी आहे. एकाच्या पदरात सारे आणि दुसऱ्याच्या पदरात काहीच का नाही, हा प्रश्न ती रोजनिशीत पुन्हा पुन्हा विचारते. मूळ कादंबरीही कशफ आणि झारून यांच्या रोजनिश्यांतूनच उलगडते, त्यामुळे तिच्या मनातील बदल हाच कथेचा गाभा आहे. सुख दारात आले तरी ते हिरावले जाईल या भीतीने ते नाकारणारी व्यक्ती स्वाभिमानी असेलच असे नाही; ती दुखावलेलीही असू शकते. शिवाय लग्नानंतर ती नोकरी सोडत नाही आणि आईला अंतर देत नाही. ज्या बापाने मुली म्हणून त्यांना टाकले, त्याला दुसऱ्या संसारातील मुलगा हम्माद अडचणीत आल्यावर याच लेकीच्या दारात यावे लागते. हा प्रसंग पाहून तिचा पराभव झाला असे कसे म्हणता येईल?

दुसरा प्रतिसाद

माझ्या मते दोघांनीही कथेचा मोठा दोष नजरेआड केला आहे, आणि तो म्हणजे झारूनच्या घरातील स्त्रियांचे चित्रण. त्याची आई गजाला स्वतःच्या कामात आणि समाजात वावरते, बहीण सारा नवऱ्याच्या मर्जीने वागायला तयार नसते, आणि झारूनशी साखरपुडा झालेली अस्मारा लग्नाआधीच कपड्यांवर व येण्याजाण्याच्या वेळांवर बंधने स्वीकारत नाही. साराचा घटस्फोट होतो, अस्माराचा साखरपुडा मोडतो आणि गजालाला मुलाकडूनच घराकडे दुर्लक्ष केल्याचे बोल ऐकावे लागतात. राफियाची नोकरी मात्र पूजनीय ठरते, कारण ती नाइलाजाने केलेली आहे. गरजेपोटी काम करणारी स्त्री थोर आणि आवडीने काम करणारी स्त्री घर मोडणारी, ही विभागणी मला कशफच्या लग्नापेक्षा अधिक खटकते. ‘हम’ वाहिनी स्वतः उभारणाऱ्या सिद्दीकी यांनी ती इतक्या सहजपणे मांडावी, याचे मला फार वाईट वाटते.

मूळ लेखिका

गजालाविषयीचा आपला मुद्दा मला पूर्णपणे पटतो, आणि त्यामुळे माझा आक्षेप अधिकच पक्का होतो. झारूनला हवी तशी पत्नी न होणाऱ्या स्त्रिया कथेने आधीच दोषी ठरवल्या असतील, तर कशफने उत्तरार्धात मिळते घेणे ही तिची मुक्त निवड कशी मानायची? सनम सईद यांनी तिचे मौन इतक्या ताकदीने उभे केले आहे, की संवाद क्षमेचे असतानाही चेहऱ्यावर अविश्वास दिसत राहतो. अभिनेत्रीने जे जपले, ते पटकथेने सोडून दिले असे मला वाटते.

पहिला प्रतिसाददाता

तो अविश्वास मलाही दिसतो, पण तो पटकथेतच आहे असे माझे मत आहे. कशफ नवऱ्यावर एका दिवसात विश्वास ठेवत नाही, कारण तिने राफियाचे आयुष्य पाहिले आहे. झारूनलाही आपण तिच्या बापासारखे वागलो तर ही निघून जाईल हे कळते, आणि ती एकदा माहेरी जातेच. तिची नोकरी आणि तिचे माहेर दोन्ही शाबूत असल्याशिवाय हे शक्य झाले नसते. अस्मारा आणि सारा यांच्याबाबत मात्र माझ्याकडे बचाव नाही. त्यांना कशफइतके भाग मिळाले असते, तर त्यांची बाजूही आपण इतक्याच आत्मीयतेने मांडली असती.