मदत हवी आहे: मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवरच्या कॅसिनोची तक्रार कुणाकडे करायची?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारते आहे. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या एका क्रूझवर तो मित्रांबरोबर सहलीला म्हणून गेला होता. आता निव्वळ कॅसिनोसाठी जातो. साठवलेले पैसे संपले, क्रेडिट कार्ड संपलं, हल्ली ॲपवरून कर्ज काढतोय. आईबाबांना यातलं निम्मंच माहीत आहे. ‘याला खेळायला बसवू नका’ असं मी जहाज कंपनीला कळवलं, तर प्रवासी सज्ञान आहे, आमचा नाइलाज आहे, असं उत्तर आलं.

म्हणून कायदा वाचायला घेतला. जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे. कॅसिनोंना परवाने देण्याचा कायदा १९७६ साली झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणजे राज्यात कॅसिनोला परवानगी नाही. मग जहाज बंदर सोडून खोल समुद्रात गेलं की टेबलं कुठल्या नियमाने सुरू होतात? आपली सागरी हद्द १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर. त्यापुढे जहाजाची नोंदणी ज्या देशात, तिथला कायदा, असं वाचलं. नोंदणी परदेशातली असेल तर माझ्यासारखीने जायचं कुठे?

गोव्याने निदान जबाबदारी तरी घेतली. स्वतःच्या जुगारबंदी कायद्यात १३ अ कलम घालून जहाजांवरच्या खेळांना वाट करून दिली. मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटी त्याच कलमावर चालतात. त्यालाही तिथे पुष्कळ विरोध आहे आणि तो मला पटतो. पण परवाना देणारं सरकार कोण, हे तिथे ठाऊक असतं. सिंगापूरमध्ये तर घरच्यांनी अर्ज केला की चौकशी करून त्या माणसाला कॅसिनोत प्रवेशबंदी करता येते. मला नेमकं हेच हवं आहे. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर एकतर जुगार पूर्ण बंद करा, नाहीतर रीतसर परवाना, हरण्याची मर्यादा आणि घरच्यांना अर्जाची सोय, एवढं तरी कायद्यात आणा. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. कर ठरवता येतो, तर हेही ठरवता येईल.

सागरी कायदा जाणणारं इथे कुणी आहे का? तक्रार पोलिसांकडे द्यायची, बंदर प्राधिकरणाकडे, की केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाकडे? आमदारांना निवेदन द्यायचं आहे, मसुदा तपासून देणारं कुणी भेटेल का?

आणि सगळ्यात निकडीचं म्हणजे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला भाऊ तयार नाही. ठाणे-मुंबईत जुगाराच्या व्यसनावर काम करणारे समुपदेशक माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्याने पुढच्या महिन्याचं तिकीट काढून ठेवलं आहे.