मदत हवी आहे: शनिवारच्या पार्टीचं बुफे टेबल फारच सपाट दिसतंय

निळीशाई
नमस्कार मंडळी. शनिवारी घरी थंडीतली पार्टी आहे, आणि खाण्याचं टेबल कसं मांडायचं यावर मी पार अडकलेय. आज रिकामी भांडी मांडून बघितली तर घासून पालथी घातल्यासारखी दिसतायत, सगळी एका पातळीत. पांढरा टेबलक्लॉथ आहे, त्यावर सोनेरी पट्टा, मधोमध फुलदाणी ठेवली तर मागचं काही दिसत नाही आणि काढली तर टेबल ओकंबोकं. मेणबत्त्या भरपूर आणल्यात, पाइनच्या फांद्या पण आहेत. फोटो चढवायचा प्रयत्न केला, चढत नाहीये. पदार्थ ठरलेत, पाककृती नकोत, फक्त मांडणी सांगा. जरा लवकर प्लीज.

आभाळवेडा
माणसं किती? टेबल केवढं? भिंतीला लावलंय की मधे आहे? गरम किती, गार किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय.

दुपारचाचहा
सपाट दिसतंय म्हणजे उंची नाहीये, बाकी काही नाही. टेबलक्लॉथ घातलास ना, आता त्यावर खोकी ठेव. चपलांचे पुठ्ठ्याचे नकोत, ते वजनाने दबतात, जाड पुस्तकं किंवा उपडी पातेली चालतील. मागे साधारण २५-३० सेंटिमीटर, मधल्या ओळीला १०-१५, पुढचं थेट टेबलावर. मग दुसरं एखादं मऊ कापड वरून सैल सोडायचं आणि खोक्यांच्या मधल्या फटींमधे बोटांनी दाबत चुण्या पाडायच्या. ताणून बसवलंस तर खाली खोकी आहेत हे लगेच कळतं. उंचावर फक्त हलकं आणि कोरडं, म्हणजे ब्रेड, फळं, केक. सूप किंवा काहीही गरम वर ठेवायचं नाही, कुणाचा धक्का लागला तर अंगावर येईल.

केकवाली
केक आदल्या दिवशीच करून ठेव ग, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीम लावू नकोस, मी एकदा घाई केली तर सगळं क्रीम वितळून ताटलीत उतरलं होतं.

निळीशाई
@केकवाली केक बाहेरून येतोय. @दुपारचाचहा हे भारी आहे, आत्ताच करून बघते. टेबल सहा फुटी, भिंतीला लावलेलं. माणसं २५च्या आसपास. गरम चार, गार पाच, शिवाय सूप.

आभाळवेडा
सहा फुटांवर दहा पदार्थ आणि २५ माणसं, तेही भिंतीला लावून? एकच रांग होणार, आणि सूपपाशी प्रत्येक जण थांबणार. टेबल भिंतीपासून तीनेक फूट पुढे ओढ, दोन्ही बाजूंनी लोक वाढून घेतील. प्लेटा सुरुवातीला, पण काटे-चमचे आणि नॅपकिन अगदी शेवटी, नाहीतर माणूस एका हातात प्लेट, दुसऱ्यात काटा-चमचा-नॅपकिन धरून डाव कशाने उचलणार? सूप आणि पेयं या टेबलावर नकोतच, खोलीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी मांड. आधी माणसं कशी चालणार ते ठरव, सजावट त्यानंतर.

दुपारचाचहा
टेबल पुढे ओढलं तर मी सांगितलेल्या उंचीचं काय? मागच्या बाजूने येणाऱ्यांना खोक्यांची पाठ दिसेल.

आभाळवेडा
मग उंची मधोमध घ्यायची, दोन्हीकडे उतरती.

दुपारचाचहा
सहा फुटी टेबलाची रुंदी जेमतेम अडीच फूट असते. मधे खोकी टाकल्यावर दोन्ही बाजूंना कशीबशी एकेक डिश बसेल. मी कितीतरी घरगुती बुफे मांडलेत, २५ माणसांना एक रांग पुरते, सगळे काही एकदम उठत नाहीत.

आभाळवेडा
उठतात. केक कापला की सगळे एकदम उठतात.

सांजवात
उंची-बिंची ठीक आहे, पण प्रकाशाबद्दल कुणीच बोलत नाहीये! वरचा पांढरा दिवा बंद कर. त्या उजेडात कुठलंही अन्न फिकट दिसतं. कोपऱ्यात पिवळसर दिवे लाव, बल्बच्या खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं असतं ते, आणि टेबलावर मेणबत्त्या. सोनेरी पट्ट्यावर ज्योतीचा जो उजेड पडतो ना, त्याला तोड नाही.

कोरडीकाडी
बुफेच्या टेबलावर खऱ्या मेणबत्त्या अजिबात नकोत. लोक पलीकडच्या भांड्यापर्यंत हात लांबवतात, आणि थंडीत अंगावर शाली, स्कार्फ, लांब बाह्या. आमच्या घरी एका पाहुणीच्या स्कार्फचं टोक ज्योतीवर गेलं होतं, शेजारच्याने पटकन ओढलं म्हणून निभावलं. शुद्ध लोकर सहजी पेटत नाही पण आता स्वेटर-स्कार्फ बरेचसे अ‍ॅक्रिलिकचे असतात, ते वितळून कातडीला चिकटतं. शिवाय पाइनच्या फांद्या सुकल्या की भराभर पेट घेतात. बॅटरीवरच्या मेणबत्त्या आण.

सांजवात
बॅटरीच्या निर्जीव दिसतात, माझं प्रामाणिक मत. उंच काचेच्या बरणीत ठेवल्या तर खऱ्या चालतात की.

कोरडीकाडी
बरणीच्या तोंडातून गरम हवा वर येतेच. खऱ्या लावायच्याच तर खिडकीपाशी उंच फळीवर लावा, पडदे बांधून, जिथे कुणी हात घालणार नाही.

मोगरा_७
मेणबत्तीवरून आठवलं, टेबलक्लॉथवर मेण सांडलं तर खरवडू नका लगेच. बर्फ लावून कडक करा, सुरीच्या बोथट बाजूने उचला, उरलेल्या डागावर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मेण कागदात येतं.

निळीशाई
मेण अजून सांडलेलं नाहीये 🙏 खोकी ठेवली, खूपच फरक पडला! फक्त फुलं तासाभरातच माना टाकतायत आणि चीज ठेवून बघितलं तर त्याच्या कडा घामेजल्या.

आभाळवेडा
थंडीत चीजला घाम? टेबलाजवळ काय आहे?

निळीशाई
मागच्या भिंतीवर हीटर आहे. टेबलामागेच.

कोरडीकाडी
अहो हे आधी सांगायचं! टेबलक्लॉथ मागे जमिनीपर्यंत सोडलाय का? हीटरला टेकत असेल तर आत्ता वर घ्या, हे वाचत असाल त्या क्षणी. हीटरपासून कापड, फांद्या, कागद सगळं किमान तीन फूट लांब हवं.

आभाळवेडा
म्हणजे टेबल पुढे ओढावंच लागणार.

दुपारचाचहा
हीटर असेल तर हो, मान्य. मग टेबल खोलीच्या मधे घे. मोठी खोकी काढून टाक, मधोमध एकच अरुंद उंचवटा ठेव, त्यावर केक आणि फळं, आणि दोन्ही बाजूंना तेच पदार्थ लहान भांड्यांत. फुलदाणीऐवजी फांद्या त्या उंचवट्याच्या पायाशी आडव्या ठेव, अन्नाला लागू देऊ नकोस, त्यातून चीक गळतो.

स्वयंपाकघर_ओटा
लहान भांड्यांना माझं +१, आणि दिसण्यापेक्षा मोठं कारण आहे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर, गार ५च्या खाली, नाहीतर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. मोठं भांडं अर्धं रिकामं झालं की बघवत नाही, आणि वरून ताजं ओतलं तर तळाचं जुनं तसंच राहतं. म्हणून छोटी भांडी भर, संपलं की भांडंच बदल. गरम पदार्थ ठेवायला खाली बर्नर असलेली भांडी असतील तर पाण्याच्या तळात उकळतं पाणी घाल आणि पदार्थ वाफाळताच ठेव, ती भांडी गरम ठेवतात, गार झालेलं गरम करत नाहीत. बर्नर पेटल्यावर एक खिडकी किंचित उघडी असू दे. प्रत्येक डिशला स्वतःचा डाव, आणि दाणे-काजू असलेल्या पदार्थापुढे चिठ्ठी.

केकवाली
केक बाहेरून येतोय तर खोक्याची मापं विचारून ठेव, फ्रिजमधे मावतो का बघ.

निळीशाई
टेबल ओढलं, कापड मागून वर दुमडून पिनांनी बसवलं. मधे दोन जाड पुस्तकं, त्यावर केकची उंच थाळी. फांद्या पायाशी, त्यांच्यात संत्री खोचली. सूप खिडकीपाशी वेगळ्या स्टुलावर. वरचा दिवा बंद केला तर सोनेरी पट्टा खरंच उजळलाय! बॅटरीच्या मेणबत्त्या उद्या आणते. नवऱ्याने रिकामी प्लेट घेऊन दोन्ही बाजूंनी फिरून बघितलं, कुठे अडकला नाही. आता एकच राहिलं, वापरलेल्या प्लेटा लोक कुठे ठेवतील? माझ्याकडे जागाच उरली नाहीये.

आभाळवेडा
हीटरची भिंत सोडून कुठेही. दाराजवळ काही आहे का? आणि या वेळी खोलीचं माप आधी सांग.