ग्रामसभेत पोरं गप्प बसतात ती भित्री म्हणून?

रानपाखरू:
१५ ऑगस्टची ग्रामसभा झाली. झेंडावंदनाला पोरांची ही गर्दी! सभा सुरू झाली तशी निम्मी पांगली, बाकीची भिंतीला टेकून मोबाईलवर. हीच पोरं व्हॉट्सॲपवर सरपंचाला रोज सोलतात. पण १५व्या वित्त आयोगातून पंचायतीला आलेले पैसे कुठं गेले, एवढं उभं राहून कुणाला विचारवेना. माझं मत विचाराल तर आत्मविश्वासच नाही. आमच्या वेळी गणपतीत नाटकं व्हायची, स्टेजची भीती लहानपणीच मोडायची.

शेवटचा_बाक:
दादा, मी विचारलं होतं. पाणंद रस्त्याचं. उत्तर आलं, "कुणाचा रे तू?" संध्याकाळी वडिलांना सोसायटीत बोलावून सांगितलं, पोराला आवरा. पीककर्ज त्याच सोसायटीचं आणि चेअरमन सरपंचाचा चुलता. आता याला न्यूनगंड म्हणायचं की हिशोब?

रानपाखरू:
ते तुमच्या गावचं झालं. सगळीकडं चेअरमन चुलता नसतो. जिथं नाही तिथंही पोरं गप्पच आहेत, त्याचं काय?

थोरली_सून:
तुमचं दोघांचं पोरं-पोरं चाललंय, पोरी कुठंयत? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. आमच्याकडं ती रजिस्टरमध्ये होते, सह्या घरी येऊन नेतात. २०११ पासून पंचायतीत ५० टक्के जागा बायकांच्या, आणि मीटिंगला सदस्यबाईंचे मालक! मला कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं आहेत. सासरी आल्यावर नणंदेनं पहिलं काय सांगितलं, तर मामंजी, भाऊजी बसलेत तिथं तोंड उघडायचं नाही. स्टेजची भीती मला कधीच नव्हती हो.

कलम_सात:
नियम सांगतो. १८ वर्षं पूर्ण, मतदार यादीत नाव, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. कुणाची परवानगी लागत नाही. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी ते. नाही भरली तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग मोजकी डोकी बसून ठराव करतात. तुम्ही भिंतीला टेकून राहिलात तर त्यांचं फावतंच. उभं राहून बोलणं जमत नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

शेवटचा_बाक:
पोच द्यायला ग्रामसेवक जागेवर सापडायला हवा ना!

रानपाखरू:
अर्ज ही पळवाट झाली. अर्जावरही नाव असतंच, मग वडिलांना बोलावणं चुकतं का? एकट्यानं उठू नका, दहा जण मिळून उठा. दहा बापांना बोलावणार आहे का चेअरमन?

थोरली_सून:
बोलावेल की, त्याला दुसरं काम काय आहे? पण तुमच्या त्या दहांत पोरी किती, ते सांगा आधी.