मदत हवी आहे: यूएफओ जवळ आल्यावर विमानातला इंटरकॉमही का बंद पडावा?

नमस्कार मंडळी,

परग्रहवासी आहेत की नाहीत हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी दुसरे धागे वाहताहेतच. एव्हियॉनिक्स, रेडिओ किंवा विमान देखभालीत काम केलेल्यांकडून मला एकदोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

डोक्यात भुंगा सोडला तो तेहरानच्या प्रकरणाने. १९ सप्टेंबर १९७६ च्या मध्यरात्रीनंतर इराणी हवाई दलाची दोन एफ-४ फँटम विमानं एका पाठोपाठ एक आकाशातल्या प्रखर प्रकाशाकडे गेली. पहिलं साधारण २५ सागरी मैलांवर पोचलं आणि त्याची उपकरणं आणि संपर्क दोन्ही गेले. वैमानिकाने विमान वळवलं, तर सगळं परत सुरू. दुसऱ्यात परवीझ जाफरी होते. रडारवर त्यांना बोइंग ७०७ टँकरएवढा ठसा दिसत होता. मोठ्या प्रकाशातून एक छोटी वस्तू सुटून अंगावर आली म्हणून ते एआयएम-९ क्षेपणास्त्र सोडायला गेले, आणि नेमकं तेव्हाच शस्त्रांचं पॅनल बंद, संपर्कही बंद.

मी अडलोय तो एका शब्दावर. अमेरिकी लष्करी गुप्तचर खात्याच्या अहवालात संपर्क म्हणजे यूएचएफ (बाहेरच्यांशी बोलायचा रेडिओ) आणि इंटरकॉम, असं दोन्ही लिहिलंय. बाहेरून जॅमिंग झालं, म्हणजे कोणी रेडिओलहरींत अडथळा आणला, तर यूएचएफ जाईल, हे पटतं. पण इंटरकॉम म्हणजे पुढच्या सीटवरून मागच्या सीटपर्यंत गेलेली वायर! त्याला अँटेनाशी काय देणंघेणं? मग वीजपुरवठाच गेला म्हणायचा का? फँटममध्ये इंटरकॉम आणि यूएचएफ एकाच बसवर (वीज वाटणाऱ्या मुख्य वाहिनीवर) असतात का? कोणी हाताळलं असेल तर प्लीज सांगा. (इंजिन चालू राहिलं यावरून मी काही अर्थ काढत नाहीये. जेट इंजिन एकदा पेटलं की ते चालू राहायला ठिणगी लागत नाही, एवढं मला कळतं.)

यूएफओच्या दाव्यांवर शंका घेणारे पत्रकार फिलिप क्लास यांचं म्हणणं असं की दुसऱ्या विमानात विद्युत बिघाड आधीपासूनच होते आणि तो प्रकाश म्हणजे बहुधा गुरू ग्रह. ठीक. पण पहिल्या विमानाचं काय?

दुसरा प्रश्न होकायंत्राचा. १८ ऑक्टोबर १९७३, ओहायोतलं मॅन्सफील्ड, कॅप्टन कॉइन यांचं यूएच-१ हेलिकॉप्टर, आत चौघे, आणि त्यांच्या सांगण्यानुसार एक यूएफओ अगदी जवळ आलेला. चुंबकीय होकायंत्र गरगर फिरत होतं, रेडिओवर उत्तर येत नव्हतं. रेडिओचं मी सोडून देतो: ते १७०० फुटांपर्यंत खाली आले होते आणि तिथली जमीनच समुद्रसपाटीपासून हजाराहून जास्त फुटांवर आहे. इतक्या खालून टॉवरशी बोलणं झालं नाही तर नवल नाही. होकायंत्राचं मात्र मी घरी करून पाहिलं. ट्रेकिंगच्या होकायंत्राजवळ स्पीकरमधलं चुंबक धरलं, काटा झटकन वळला, दोनदा थरथरला आणि तिथेच थांबला. गरगर फिरला नाही. चुंबक भोवती फिरवत राहिलो तेव्हाच काटा मागे मागे फिरला. म्हणजे नुसतं बलवान क्षेत्र असून भागत नाही, त्याची दिशा सतत बदलावी लागते. हे बरोबर आहे का? की हेलिकॉप्टरच्या थरथराटाने आणि झुकण्यानेही होकायंत्राच्या द्रवातली अंशांची तबकडी अशी फिरत राहू शकते? तसं असेल तर माझा अर्धा प्रश्न इथेच मिटला.

व्हॅलेंटिच प्रकरण (१९७८, ऑस्ट्रेलियाजवळची बास सामुद्रधुनी, यूएफओ दिसल्याचं रेडिओवर सांगून वैमानिक विमानासकट बेपत्ता) मुद्दाम घेत नाहीये. तिथे इंजिन अडखळत होतं हे खरं, पण विमानच सापडलं नाही, तपासणार काय?

ढगातल्या स्थिर विजेने रेडिओत खरखर होते किंवा एडीएफची (रेडिओ केंद्राची दिशा दाखवणाऱ्या उपकरणाची) सुई वादळाकडे वळते हे वाचलंय, त्यामुळे तेच पुन्हा नको. मला हवंय ते एवढंच: रेडिओ, इंटरकॉम आणि एखादं पॅनल एकदम जाऊन विमान वळताच परत येण्याइतपत साधा बिघाड कुणी प्रत्यक्ष पाहिलाय का? आणि शेवटी सापडलं काय, सैल कनेक्टर, रिले की जनरेटर?

सर्किट डायग्राम टाकलात तरी चालेल, फक्त खाली दोन ओळी मराठीत लिहा.