ऊन फुकट आहे, पण मिठाचं काय?

"आपल्याकडे ऊन फुकट आहे, टायटॅनियम डायऑक्साइड टाका आणि डाइंगचं पाणी उन्हात ठेवा" हा कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या (डाइंग युनिटच्या) सांडपाण्याचा रंग घालवायला सुचवला जाणारा उपाय मला अर्धाच पटतो. ही पांढरी भुकटी प्रकाशात हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे रंग तोडणारे अतिक्रियाशील कण, तयार करते; पण तिला अतिनील प्रकाश लागतो आणि उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के. त्यात पाणी गडद असलं की प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो.

पण खरी अडचण मिठाची, तिचा विषय कुणी काढतच नाही. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) चढवताना लिटरमागे ५०-६० ग्रॅम मीठ सहज पडतं, वर सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट). रंगाचा रेणू तोडायला निघालेले हायड्रॉक्सिल रॅडिकल वाटेत मिठातलं क्लोराइड आणि सोडा अ‍ॅशमधलं कार्बोनेटच खाऊन टाकतात. डिस्टिल्ड पाण्यातली मिथिलीन ब्लू (प्रयोगशाळेत चाचणीला वापरतात तो निळा रंग) बघता बघता नितळ होते. त्याच भुकटीत डाइंग युनिटचं पाणी घातलं तर संध्याकाळपर्यंत ते लालसरच राहिलेलं मी पाहिलंय. आणि रंग गेला तरी सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचं माप) मोजाच! अ‍ॅझो बंध (रेणूला रंग देणारा नायट्रोजनचा दुवा) आधी तुटतो, बेंझिनच्या कड्या पाण्यातच राहतात. त्यामुळे ही पायरी जैविक प्रक्रियेच्या (जिवाणूंकडून पाणी शुद्ध करण्याच्या) आधी नको, नंतर लावा, उरलासुरला रंग काढायला.