सेरेस म्हणजे नुसती डिमीटरची रोमन कॉपी का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. ग्रीक-रोमन पुराणकथा अधूनमधून वाचत असते, त्यातून पडलेला प्रश्न. सेरेसबद्दल कुठेही शोधा, पहिलं वाक्य ठरलेलं, ग्रीकांची धान्याची देवी डिमीटर तीच रोमनांची सेरेस, मग मुलीला पाताळात पळवून नेली, आईने जग पालथं घातलं, डाळिंबाचे दाणे, म्हणून हिवाळा, संपलं. म्हणजे रोमनांनी फक्त पाटी बदलली का? त्यांचं स्वतःचं असं तिच्यात काही होतं की नाही? आणि जर उसनीच देवी असेल तर मग नोटा-नाण्यांपासून थेट लघुग्रहापर्यंत सगळीकडे हीच कशी, डिमीटर का नाही? (सिरियल हा शब्द तिच्यावरून आला हे माहितीये, कृपया ते सोडून सांगा.)

वाळवीराव

कॉपी अजिबात नाही. कथा उसनी आहे हे खरं, पण देवी रोमनांची स्वतःची, आणि तिला समजून घ्यायचं तर पुराण बाजूला ठेवून रोमचं राजकारण आणि कायदा बघावा लागतो. तिकडे ती जास्त सापडते.

तिचं देऊळ बघा. इ.स.पू. 496 मध्ये धान्याची टंचाई होती आणि युद्ध तोंडावर, तेव्हा हुकूमशहा (त्यांच्याकडे हे तात्पुरतं अधिकृत पद असायचं) आऊलुस पोस्तुमियुसने देऊळ बांधायचा नवस केला, आणि 493 मध्ये कॉन्सल (म्हणजे सर्वोच्च अधिकारी) स्पुरियुस कासियुसने ते अर्पण केलं. जागा अव्हेंटाइन टेकडीच्या पायथ्याशी, सर्कस मॅक्सिमसजवळ. सेरेस, लिबेर आणि लिबेरा असे तिघं देव एकत्र. आता मधलं 494 साल आठवा, त्या वर्षी सामान्य लोक म्हणजे प्लेबियन, कर्ज आणि सावकारीला कंटाळून चक्क शहर सोडून निघून गेले होते, आणि परत आले ते स्वतःचे ट्रिब्यून (त्यांची बाजू राखणारे अधिकारी) पदरात पाडूनच. सेरेसचं देऊळ हे त्यांचं ठाणं झालं. त्यांचे ईडाइल नावाचे अधिकारी तिथून काम बघायचे. ट्रिब्यूनच्या अंगाला कुणी हात लावला तर त्याची मालमत्ता विकून पैसा सेरेसच्या देवळात जमा. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो की 449 पासून सिनेटचे ठराव या देवळात ईडाइलांच्या ताब्यात द्यायचे असं ठरलं, कारण आधी कॉन्सल लोक नको असलेले ठराव दाबून टाकायचे नाहीतर त्यात फेरफार करायचे. सुगीची देवी सरकारी कागद राखत बसलीये, डिमीटरला कुणी हे काम दिलं होतं का?

कायद्यातही आहे. बारा फलकांच्या कायद्यात (रोमचा पहिला लेखी कायदा, 451-450 च्या आसपासचा) रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या उभ्या पिकात चोरून गुरं चारली किंवा पीक कापलं तर शिक्षा काय, सेरेसच्या नावाने फाशी. अल्पवयीन असेल तर फटके आणि दुप्पट भरपाई. रोमन लेखक प्लिनी स्वतःच शेरा मारतो की ही शिक्षा मनुष्यवधाच्या शिक्षेपेक्षा कडक होती. चरित्रकार प्लूटार्कने रोमचा संस्थापक राजा रोम्युलसच्या नावावर एक जुना नियम दिलाय, योग्य कारण नसताना बायकोला सोडलं तर नवऱ्याची अर्धी मालमत्ता बायकोला आणि अर्धी सेरेसला.

अवांतर: तो देऊळ अर्पण करणारा कासियुस, त्याने पुढे जमीनवाटपाचा कायदा आणला, राजा व्हायला बघतोय असा त्याच्यावर आरोप झाला आणि 485 मध्ये जीव गेला. त्याच्या जप्त मालमत्तेतून काय केलं, तर सेरेसचीच ब्राँझची मूर्ती. 😐

तिसरी_घंटा

वाळवीरावांशी बऱ्यापैकी सहमत, पण ग्रीक बाजू इतकी झटकून टाकू नका हो. रोमन वक्ता सिसेरो सांगतो की तिच्या खास विधींसाठी पुजारिणी दक्षिणेतल्या ग्रीक शहरांतून आणायचे, नेपल्स आणि वेलियाहून बहुतेक करून, विधीची भाषा आणि पद्धत ग्रीकच, फक्त त्या बाईंना रोमचं नागरिकत्व द्यायचे म्हणजे रोमसाठीची प्रार्थना परक्या बाईने केली असं व्हायला नको. त्यामुळे दोन सेरेस होत्या म्हणा, एक जुनी शेताबांधावरची आणि प्लेबियनांची, दुसरी नंतर आलेली आई-मुलीवाली, बायकांची. ही दुसरी पण काही वरवरची नव्हती. 216 मध्ये कॅनीच्या लढाईत कार्थेजच्या हॅनिबलने इतके रोमन मारले की सुतक नसलेली बाईच शहरात शिल्लक नव्हती, आणि सुतकात हा विधी चालत नाही म्हणून सेरेसचा वार्षिक विधी खंडला. मग सिनेटने ठराव करून शोक 30 दिवसांवर आणला. हे वाचलं तेव्हा मला लढाईच्या वर्णनापेक्षा जास्त भिडलं खरं सांगायचं तर.

आता साहित्याकडे, कारण माझा जीव तिकडे. "मुलीला पळवली, डाळिंब, हिवाळा" एवढ्यावर आटोपू नका, रोमन कवी ओव्हिडच्या मेटॅमॉर्फसिस या काव्याचा पाचवा भाग नीट वाचा. होमरच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रीक स्तोत्रापेक्षा तो बराच वेगळा आहे. प्रसंग सिसिलीत एन्नाजवळच्या तळ्याकाठी घडतो. सेरेसची मुलगी प्रोसर्पिना फुलं तोडतेय, पाताळाचा राजा प्लूटो येतो, उचलतो, तिचा कपडा फाटतो आणि ओच्यातली फुलं खाली सांडतात, आणि ती इतकी लहान आहे की त्या क्षणी तिला फुलं गेल्याचंही वाईट वाटतं. एका ओळीत मारतो तो. मग सायनी नावाची जलदेवता वाट अडवते, प्लूटो तिच्याच तळ्यातून जमीन फोडून खाली जातो, आणि ती रडून रडून स्वतःच पाणी होऊन जाते. पुढे सेरेस शोधत येते तेव्हा सायनीला सगळं माहीत असतं पण सांगायला तोंडच उरलेलं नसतं, ती फक्त मुलीचा कमरपट्टा पाण्यावर तरंगवून दाखवते.

आणि ओव्हिडची सेरेस ही नुसती दुःखी माऊली नाहीये बरं का, भयंकर तापट आहे. एटना ज्वालामुखीवर पाइनच्या मशाली पेटवून रात्रंदिवस फिरते, तहानेने एका झोपडीत पाणी मागते, म्हातारी भाजलेलं सातू घातलेलं पेय देते, ती घटाघटा पिते तर एक पोरगा "काय हावरट बाई" म्हणून हसतो. उरलेलं पेय त्याच्या तोंडावर फेकते आणि त्याची ठिपक्यांची पाल करून टाकते. सिसिलीवर इतकी चिडते की नांगर मोडते, शेतकरी आणि बैल दोन्ही मारते, बियाणं नासवते. देवांचा राजा आणि मुलीचा बाप ज्युपिटर काय म्हणतो तर हा गुन्हा नाही, प्रेम आहे, आणि जावई काही वाईट नाही!! शेवटी मुलीने सात दाणे खाल्ले म्हणून वर्षाची अर्धी-अर्धी वाटणी. ग्रीक स्तोत्रात खालचा वाटा वर्षाचा तिसरा हिस्साच आहे.

आठव्या भागात एरिसिक्थॉनची गोष्ट आहे, तीही सेरेसचीच, पण कुणी सांगत नाही. हा माणूस तिच्या राईतलं जुनं ओकचं झाड तोडतो, झाडातून रक्त येतं तरी थांबत नाही, अडवणाऱ्याचं डोकं उडवतो. सेरेस त्याच्यावर भूक पाठवते. आणि गंमत अशी की सेरेस आणि भूक यांनी समोरासमोर यायचंच नाही असा नियतीचा नियम, म्हणून ती एका पर्वतदेवतेकडून निरोप धाडते. भूक कुठे भेटते, तर कॉकेशसच्या एका दगडाळ रानात, नखांनी आणि दातांनी विरळ गवत उपटताना. ती रात्री येऊन झोपलेल्याच्या अंगात आपला श्वास भरते, तो झोपेतच रिकामे दात दातांवर चावायला लागतो. मग घरदार खाऊन संपवतो, पोटच्या मुलीला विकून त्या पैशावर खातो, शेवटी स्वतःचेच लचके तोडतो. पिकाच्या देवीकडे सगळ्यात मोठं हत्यार कुठलं असणार, दुसरं काय.

वाळवीराव

एन्ना निघालंच आहे तर, सिसेरोचा व्हेरेसवरचा खटला, इ.स.पू. 70. व्हेरेस हा सिसिलीचा गव्हर्नर, धान्याच्या वसुलीत शेतकऱ्यांना नागवलं, आणि वर एन्नाच्या देवळातली सेरेसची जुनी ब्राँझची मूर्तीही लांबवली. बाहेर उघड्यावर एक सेरेसची प्रचंड मूर्ती होती, ती हलवणं शक्य नव्हतं, तर तिच्या उजव्या हातावर उभी असलेली विजयदेवी तेवढी उचकटून नेली. कटानियाला तिच्या गाभाऱ्यात पुरुषांना जायलाच बंदी, तिथून गुलामांकरवी रात्रीत मूर्ती पळवली, आणि वर आळ एका निरपराध गुलामावर घालायचा प्रयत्न. खटला पूर्ण व्हायच्या आत व्हेरेस मार्सेयला पसार झाला, त्यामुळे ज्या भाषणात हे सगळं रंगवून सांगितलंय ते कोर्टात झालंच नाही, नुसतं लिहून प्रसिद्ध केलेलं आहे.

त्याच भाषणात आहे की 133 मध्ये तिबेरियुस ग्राकुसचा खून झाल्यावर रोममध्ये घबराट पसरली, सिबिलच्या भविष्यवाणीच्या ग्रंथांत पाहिलं तर निघालं "सर्वात प्राचीन सेरेसला शांत करा". शहरात एवढं मोठं देऊळ असूनही पुजारी थेट एन्नाला गेले. मेलेला माणूस प्लेबियनांचा ट्रिब्यून होता, देवी प्लेबियनांची, लावा संबंध.

पुढे सम्राटांनी मात्र तिला पार सरकारी करून टाकलं. सीझरने इ.स.पू. 44 मध्ये धान्यपुरवठ्यासाठी सेरेसच्याच नावाचे दोन जादा ईडाइल नेमले. नीरोच्या एका नाण्यावर सेरेस बसलेली आणि समोर अन्नोना, म्हणजे धान्यपुरवठ्याची देवी, उभी, मध्ये धान्य मोजायचं माप आणि मागे जहाजाचं टोक. सरळ जाहिरात आहे, तुमचं धान्य वेळेवर येतंय ते आमच्यामुळे. नाण्यांवर ती का याचं उत्तर इथेच आहे.

धूमकेतू_दादा

लघुग्रहाचं मी सांगतो. 1 जानेवारी 1801 ला खगोलशास्त्रज्ञ ज्युसेप्पे पियाझ्झीला तो दिसला, आणि तो कुठे बसला होता, पालेर्मोला, सिसिलीत! म्हणून सिसिलीची देवी सेरेस, आणि सोबत राजा फर्डिनांडचं नाव जोडलेलं, ते बाकीच्या देशांना पचलं नाही म्हणून गळलं. फेब्रुवारीत पियाझ्झीची निरीक्षणं थांबली, मग ग्रह सूर्याच्या उजेडात हरवला, 24 वर्षांच्या गणिती गाऊसने मोजक्या नोंदींवरून कक्षा काढली आणि 31 डिसेंबरला तो बरोबर तिथे सापडला. मुलगी हरवलेल्या देवीचा ग्रहच हरवावा हा योग बघा. सिरियम धातूला 1803 मध्ये याच ग्रहावरून नाव दिलं. 2006 पासून सेरेस बटुग्रह, व्यास साधारण 940 किमी.

2015 मध्ये नासाचं डॉन यान सेरेसच्या कक्षेत गेलं त्यानंतर तिथल्या विवरांना जगभरच्या शेतीच्या देवांची नावं दिलीत आणि डोंगर वगैरेंना सुगीच्या सणांची. ते चमकणारे पांढरे डाग ज्या विवरात आहेत (सोडियम कार्बोनेट निघालं ते) त्याचं नाव ऑकेटर, तो रोमनांचा कुळवणीचा देव. उर्वरा नावाचं विवर पण आहे. आणि तिथला तो एकटा उभा डोंगर, अहुना मॉन्स, ते नाव नागालँडच्या सुमी नागांच्या सुगीनंतरच्या सणाचं!

तिसरी_घंटा

ऑकेटर वाचून आनंद झाला. तो सेरेसच्या बारा मदतनिसांपैकी एक. तिचा पुजारी आवाहन करताना एकेकाचं नाव घ्यायचा, पहिल्या नांगरणीचा वेगळा, दुसऱ्या नांगरणीचा वेगळा, पेरणीचा, खुरपणीचा, कापणीचा, धान्य वाहून नेण्याचा, कोठारात भरण्याचा, आणि शेवटचा कोठारातून बाहेर काढण्याचा. कसल्या कथा नाहीत या देवांना, नुसतं काम. निळी_शाई, अस्सल रोमन काय विचारत होतात ना, हे घ्या.

निळी_शाई

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. एकच राहिलं, सेरेसच्या जत्रेत कोल्ह्यांच्या शेपटीला मशाली बांधायचे असं कुठेतरी वाचलं, ते खरं का थाप?

वाळवीराव

खरं आहे. सेरियालिया, एप्रिलचा मध्य, शेवटचा दिवस 19 एप्रिल, लोक पांढरे कपडे घालायचे आणि सर्कसमध्ये पाठीवर पेटत्या मशाली बांधलेले कोल्हे सोडायचे. ओव्हिडने फास्ती या सणांवरच्या काव्याच्या चौथ्या भागात कारण दिलंय, कार्सेओली गावात एका बारा वर्षांच्या पोराने कोंबड्या चोरणारा कोल्हा पकडला, त्याला पेंढा गुंडाळून पेटवून दिला, तो हातातून निसटला आणि उभ्या पिकातून पळत सुटला, सगळं शेत जळालं. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी कोल्हे जाळायचे. काही अभ्यासक कोल्ह्याचा तांबडा रंग पिकावरच्या तांबेऱ्याशी जोडतात, कारण लगेच 25 एप्रिलला तांबेऱ्याच्या देवतेला कुत्र्याचा बळी असायचा.

निळी_शाई

म्हणजे आग लावली पोराने आणि शिक्षा कोल्ह्यांच्या अख्ख्या खानदानाला. छान.

तिसरी_घंटा

त्याच भागात ओव्हिड पुजाऱ्यांना सांगतो की बैलावरची सुरी काढा, बैलाला नांगरायचंय, बळी द्यायचा तर आळशी डुकरिणीचा द्या. आणि डुकरीणच का याचं आरोपपत्रही त्याने पहिल्या भागात आधीच दाखल करून ठेवलंय, तिने कोवळं पीक सोंडेने उकरून काढलं होतं. बचाव पक्षाला बोलायची संधी दिलेली दिसत नाही.