विषय: यलो सीडर, शेणकिडा आणि आपली मराठी शाळा

नमस्कार मंडळी,

ओवी पाचवीत आहे आणि तिच्या शाळेनं यंदा फॉरेस्ट ऑफ रीडिंगमधे भाग घेतलाय. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते, हा ओन्टारियो लायब्ररी असोसिएशनचा मुलांच्या वाचनाचा उपक्रम आहे, १९९४ ला सिल्व्हर बर्च नावाच्या पुरस्कारापासून सुरू झालेला. त्यातला यलो सीडर पुरस्कार चौथी ते आठवीसाठी, त्यात गोष्टींची पुस्तकं नसतात, सगळी माहितीची, कॅनडातल्या लेखकांची. कमिटी दहा पुस्तकं निवडते आणि मोठ्यांचं काम तिथे संपतं. बक्षीस कुणाला ते मुलं ठरवतात, आणि दहातली निदान पाच वाचल्याशिवाय मत देताच येत नाही.

ओवीनं सहा वाचली. शेवटी दोनांत अडकली, तीन दिवस ठरेना, मग किड्यांच्या पुस्तकाला मत दिलं. का विचारलं तर म्हणाली, "आई, यात त्यांना कसं कळलं ते पण सांगितलंय."

तिला वेड लावलं ते शेणाची गोळी ढकलत नेणाऱ्या किड्यानं. तो आकाशगंगेच्या उजेडावर सरळ रेषेत जातो, सरळ जावंच लागतं कारण ढिगाजवळ रेंगाळला तर दुसरा किडा गोळी पळवतो. शास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेत या किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या चिमुकल्या टोप्या बसवल्या, आकाश दिसेना तसे ते भरकटले, मग जोहान्सबर्गच्या तारांगणात नेऊन परत तपासलं. ओवीनं हे वाईला माझ्या बाबांना व्हिडिओ कॉलवर इंग्लिशमधे सांगायला सुरुवात केली, कारण तिच्याकडे मराठी शब्दच नव्हता. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "अगं हा तर आपला शेणकिडा! मागच्या पायांनी ढकलतो, डोकं खाली, उलटा चालतो. गोठ्यामागे कितीतरी पाहिलेत." पण तो तारे बघतो हे त्यांना ओवीनं सांगितलं. पाऊण तास बोलत होते दोघं.

तर माझं म्हणणं असं की मराठी शाळेत आपण हेच करूया. विज्ञानाची दहा मराठी पुस्तकं, मुलांनी वाचायची, मुलांनीच मत द्यायचं.

ओवीची आई

---

ओवीची आई, मेल दोनदा वाचला. कल्पना शंभर टक्के मान्य.

पुस्तकांची काळजी नको. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी विज्ञानपुस्तकांचे पीडीएफ फुकट आहेत, खेळण्यांसकट, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन काय काय करता येतं ते बघा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासूनचं ऑनलाइन वाचता येतं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करतेय. मी पुढच्या महिन्यात पुण्याला जातोय, यादी द्या, एक बॅग पुस्तकांची आणतो. छापील पुस्तक हातात असलं की मूल उलटंसुलटं चाळतं, स्क्रीनवर तसं होत नाही.

काका

---

सगळ्यांना नमस्कार,

मी शनिवारचा वर्ग घेते म्हणून एक अडचण सांगते. पाच पुस्तकांची अट आपल्याला जमणार नाही. आपली मुलं बोलतात छान पण जोडाक्षर आलं की थांबतात, 'प्रकाशसंश्लेषण' वर माझा अख्खा वर्ग दहा मिनिटं थांबला होता. तीन ठेवूया. आणि आईबाबांनी किंवा आजीनं वाचून दाखवलेलं पण धरूया, ते वाचनच आहे. दहाची यादी पण मोठी होते, सहा पुरे.

अजून एक, निवडताना नुसती माहिती भरलेली पुस्तकं नकोत. ओवी जे म्हणाली ना, कसं कळलं ते सांगणारी हवीत.

शुभांगी

---

मी गेली काही वर्षं इथल्या लायब्ररीत पार्ट टाइम आहे, त्या बाजूनं लिहिते.

पुस्तकं घरी घेऊन या पण लायब्ररीत पण मागा. वेबसाइटवर पुस्तक सुचवायचा फॉर्म असतो, तो भरायला पाच मिनिटं लागतात आणि कुणीतरी तो खरंच वाचतं. दुसरं म्हणजे असलेली मराठी पुस्तकं कार्डावर घ्या, तिथेच बसून वाचून परत ठेवू नका. किती वेळा इश्यू झालं याची नोंद राहते आणि बराच काळ कुणी नेलं नाही तर पुस्तक शेल्फवरून काढतात. मागच्या वर्षी मुलांचं एक मराठी पुस्तक असं निघालेलं मी पाहिलं, पानं कोरी करकरीत होती, मला फार वाईट वाटलं. आमच्या शाखेत मराठीचं जेमतेम एक शेल्फ आहे, गुजराती आणि पंजाबीची तीन-तीन, कारण ती लोकं नेतात.

मुलांनी निवडलेलं पुस्तक कळवा, ते मागवायचा फॉर्म सगळ्यात आधी मी भरते.

मेधा

---

सगळ्यांचे आभार. तीन पुस्तकं, सहाची यादी, वाचून दाखवलेलं चालेल, ठरलं. शुभांगीताई, यादी तुम्ही आणि मी या शनिवारी वर्गानंतर बसून करू. काका, त्यानंतर लगेच पाठवते, बॅगेत जागा ठेवा.

ओवी विचारतेय की यादीत शेणकिड्यावर मराठीत काही आहे का. कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा, नसेल तर ती आणि माझे बाबा मिळून चार पानं लिहायची म्हणतायत, चित्रं ती काढणार आहे.

ओवीची आई